मागणीत दडलेलं कुलूप



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी मला ग्राफ थिअरी शिकवली. फळ्यावर खडूने चार ठिपके काढायचे, त्यांच्यामध्ये बाण ओढायचे आणि विचारायचे, “बाणाची दिशा न मोडता निघालात, तर पुन्हा निघाल्या जागी येता का?” येत असाल तर ते चक्र. येत नसाल, तर सगळे ठिपके एका ओळीत असे मांडता येतात की प्रत्येक बाण पुढच्याच दिशेला जाईल. प्रमेय एवढंच. सर ते सिद्ध करून हात झटकायचे आणि खडूची धूळ पहिल्या बाकापर्यंत यायची. मी पहिल्या बाकावर बसायचो. नोकरीतली माझी वीस-बावीस वर्षं याच प्रमेयाच्या आसपास गेली, हे सरांना सांगायचं राहून गेलं. ते आज इथे सांगतो.

विषय आहे ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमधली कुलपांची तपासणी आणि मेमरीचं वाटप. तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल, तर त्याच्या पोटात लिनक्स नावाचा कर्नेल आहे. इंटरनेटवरच्या बहुतेक मोठ्या सेवाही त्याच्यावरच उभ्या असतात. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. डिस्कवर लिहायचं, नेटवर्कवरून आलेलं घ्यायचं, कोणत्या प्रोग्रॅमला किती वेळ प्रोसेसर द्यायचा आणि कोणाला किती मेमरी द्यायची, हे सगळं तो ठरवतो. साधा प्रोग्रॅम अडला तर कर्नेलकडे हात पसरतो. कर्नेल अडला तर त्याने कोणाकडे जायचं? हा प्रश्न मनात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

आजच्या साध्या फोनमध्येही आठ-आठ प्रोसेसर असतात. ते सगळे एकाच वेळी कर्नेलचं काम करत असतात आणि त्यांची सामग्री सामाईक असते. एकाच यादीत दोघांनी एकाच क्षणी नोंद घालायचा प्रयत्न केला तर यादीचा दुवा तुटतो. म्हणून यादीला लॉक असतो. मी त्याला कुलूप म्हणेन. कुलूप लावायचं, काम करायचं, काढायचं. दुसऱ्याला तेच हवं असेल तर त्याने थांबायचं. एका कुलपाने काही बिघडत नाही. गोष्ट बिघडते ती दोन कुलपांपासून.

लग्नघरातला स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. पोळपाट एक, लाटणं एक आणि पोळ्या करायला दोघी. एकीने पोळपाट ओढून घेतला, दुसरीने त्याच वेळी लाटणं उचललं. पहिली म्हणते, लाटणं मिळाल्यावर माझ्या पोळ्या होतील आणि मग पोळपाट देईन. दुसरी म्हणते, पोळपाट मिळाल्यावर माझ्या होतील आणि मग लाटणं देईन. दोघींचंही म्हणणं रास्त आहे, आणि पंगत उपाशी बसली आहे. घरात कोणीतरी वडीलधारं माणूस येऊन एकीला दटावतं आणि सुटका होते. कर्नेलमध्ये वडीलधारं कोणी नाही. दोघीही मशीन बंद होईपर्यंत तशाच उभ्या राहतात.

एडस्गर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने 1965 मध्ये या अवस्थेला ‘डेडली एम्ब्रेस’ म्हटलं. आपल्याकडे त्याला अगदी चपखल शब्द आहे, मगरमिठी. पुढे ‘डेडलॉक’ हे नाव रूढ झालं, आणि आपण रस्त्यावर रोज वापरतो तो ‘कोंडी’ हा शब्दही चालेल. कोंडी व्हायला कोणत्या चार अटी एकत्र याव्या लागतात, हे कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी 1971 मध्ये मांडलं. त्यातली चौथी अट म्हणजे वाट पाहणाऱ्यांचं चक्र. सरांच्या फळ्यावरचंच चक्र. उपायही आधीच माहीत होता. आयबीएमच्या हॅवेंडरने 1968 मध्ये लिहिलं होतं की सगळ्या साधनांचा एक क्रम ठरवा आणि प्रत्येकाने त्याच क्रमाने ती मागावीत. आधी पोळपाट, मगच लाटणं. लाटणं हातात असताना पोळपाटाला हात लावायचा नाही. सगळ्यांनी हे पाळलं तर चक्र तयार होऊच शकत नाही.

उपाय 1968 पासून माहीत असताना माझ्या पिढीच्या रात्री कशात गेल्या, हे आता सांगायला हवं.

लिनस टॉरवाल्ड्सने 1991 च्या ऑगस्टमध्ये लिनक्सची पहिली घोषणा केली, तेव्हा एकच प्रोसेसर गृहीत होता. 1996 मध्ये 2.0 ही आवृत्ती आली आणि लिनक्स एकापेक्षा जास्त प्रोसेसरांवर चालू लागला. त्यासाठी सगळ्या कर्नेलला मिळून एक मोठं कुलूप केलं होतं, बिग कर्नेल लॉक. कर्नेलच्या स्वयंपाकघरात एका वेळी एकच जण. सुरक्षित, पण प्रोसेसर कितीही वाढवा, आत काम एकाचंच. म्हणून ते कुलूप फोडून लहान लहान कुलपं करायचं काम सुरू झालं. ते काम पंधरा वर्षं चाललं. मोठं कुलूप पूर्णपणे गेलं ते मे 2011 मध्ये, 2.6.39 या आवृत्तीत. पंधरा वर्षांत एका कुलपाची हजारो झाली, आणि हजारो कुलपांचा क्रम कोणीतरी लक्षात ठेवायचा होता.

तो कुठे ठेवला होता? कॉमेंटमध्ये, म्हणजे कोडच्या आत माणसांसाठी लिहिलेल्या टिपणात. कर्नेलच्या मेमरी विभागात ‘फाइलमॅप’ नावाची एक फाइल आहे. तिच्या सुरुवातीलाच कुलपांच्या क्रमाची एक शिडी लिहिलेली आहे. वरचं कुलूप डावीकडे, त्याच्या आतलं थोडं उजवीकडे सरकवून, त्याच्या आतलं आणखी उजवीकडे. नवीन मुलांना मी ती शिडी आजही दाखवतो. ती लिहिणाऱ्यांविषयी मला फार आदर आहे, कारण दुसरं साधन नसताना त्यांनी ज्ञान कागदावर तरी आणलं. पण कंपाइलर कॉमेंट वाचत नाही. कोणी चुकून उलट्या क्रमाने कुलपं घेतली तर कॉमेंट तोंड उघडत नाही. आणि चूक लगेच दिसतही नाही. दोघींनी नेमक्या त्याच क्षणी हात घातला तरच कोंडी होते. दोन हातांमधलं अंतर एक लाखांश सेकंद असेल, तर हा योग महिन्यातून एकदा, तोही ग्राहकाच्या मशीनवर, येतो.

आता दुसरं पात्र, मेमरी.

कर्नेल मेमरी पानांनी मोजतो. नेहमीच्या मशीनवर एक पान 4 केबीचं. पानांचे गठ्ठे दोनाच्या घातांत बांधायचे, 1, 2, 4, 8 असे, आणि मागणी आली की मोठा गठ्ठा अर्धा-अर्धा करत जायचं. परत आलेले दोन जोडीदार गठ्ठे पुन्हा एक करायचे. या पद्धतीला बडी सिस्टिम म्हणतात. केनेथ नोल्टनने ती 1965 मध्ये प्रसिद्ध केली. डोनाल्ड कनूथने मात्र तिचं श्रेय हॅरी मार्कोविट्झला दिलं आहे, ज्याने ती 1963 मध्येच वापरली होती. हाच मार्कोविट्झ पुढे 1990 मध्ये अर्थशास्त्रातल्या नोबेलचा मानकरी झाला. पानापेक्षा लहान वस्तूंसाठी जेफ बॉनविकने 1994 मध्ये सनच्या सोलारिससाठी स्लॅब नावाची योजना आखली आणि लिनक्सनेही ती कल्पना घेतली. हे सगळं फार सुंदर आहे, पण आजचा आपला मुद्दा वेगळा आहे. मेमरी शिल्लक नसताना कोणी मागितली तर काय होतं?

साध्या प्रोग्रॅमचा समज असा की एक तर मेमरी मिळते किंवा ‘नाही’ असं उत्तर मिळतं. कर्नेलमध्ये तसं नाही. फाइलींमधून वाचलेलं बरंच काही कर्नेल पुन्हा लागेल म्हणून मेमरीत ठेवून देतो. टंचाई आली की त्यातलं जुनं टाकून जागा करायची. बदललेलं पण डिस्कवर न गेलेलं काही असेल तर ते आधी लिहून टाकायचं. आणि हे कोणी करायचं? पार्श्वभूमीला एक झाडूवाला फिरत असतो, पण तो पुरा पडला नाही तर जो मागायला आला त्याच्याच हातात झाडू दिला जातो. तू मागतोस ना, मग आधी जागा कर आणि घे. याला डायरेक्ट रिक्लेम म्हणतात.

आता पुन्हा लग्नघरात या. मी पोळपाट धरून बसलो आहे आणि मला पीठ हवं आहे. कोठीत पीठ नाही. कोठीवरचा माणूस म्हणतो, आधी भांडी आवर, त्याशिवाय दळायला जागा होणार नाही. मी भांडी आवरायला जातो आणि पहिलंच काम निघतं, पोळपाट धुवून जागेवर ठेव. पोळपाट कोणाकडे आहे? माझ्याकडे. मी माझीच वाट बघत उभा राहतो.

ही कल्पना नाही, मी केलेली चूक आहे. पुण्यातल्या एका कंपनीत मी फाइल सिस्टिमवर, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या भागावर, काम करत होतो. पुण्यात साठवणुकीच्या सॉफ्टवेअरचं काम बऱ्याच वर्षांपासून चालतं, आणि माझ्यासारखी शेकडो मराठी मुलं तिथे कर्नेल शिकली. 2005 चा पावसाळा होता. एका ग्राहकाचं मशीन दर दोन-तीन आठवड्यांनी गोठायचं. गोठायचं म्हणजे पडायचं नाही. पडलं असतं तर काही पुरावा राहिला असता. पंखे फिरताहेत, दिवे लुकलुकताहेत, पिंगला उत्तर येतंय, पण एकही फाइल उघडत नाही. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही तोच प्रोग्रॅम दिवसच्या दिवस चालवला. काही झालं नाही, कारण आमच्या मशीनांत मेमरी भरपूर होती.

शेवटी गोठलेल्या मशीनच्या मेमरीची प्रत आम्हाला मिळाली. एका थ्रेडचा, म्हणजे कर्नेलमध्ये चाललेल्या एका कामाच्या धाग्याचा, माग खालून वर वाचत गेलो. फाइलीत लिहायची विनंती, आमच्या फाइल सिस्टिमचं कुलूप, एका छोट्या नोंदीसाठी मेमरीची मागणी, तिथून रिक्लेम, तिथून जुन्या फाइली टाकायचं काम, तिथून परत आमचीच फाइल सिस्टिम, आणि सगळ्यात वर आमचंच कुलूप, ज्याची तो वाट बघत होता. मागणी अवघ्या 64 बाइटची होती. ती ओळ मी लिहिली होती. मागताना मी जो शिक्का लावला होता त्याचा अर्थ होता, ‘मी थांबू शकतो, काय वाटेल ते करून मला मेमरी द्या.’

हे शिक्के कर्नेलमध्ये प्रत्येक मागणीवर असतात. जीएफपी अशी त्यांची अक्षरं, ‘गेट फ्री पेजेस’. जीएफपी कर्नेल म्हणजे थांबायची तयारी आहे. जीएफपी अ‍ॅटॉमिक म्हणजे मला क्षणभरही थांबता येत नाही, असेल तर राखीव साठ्यातून द्या, नसेल तर नाही म्हणा. जीएफपी नोएफएस म्हणजे थांबेन, पण जागा करण्यासाठी फाइल सिस्टिममध्ये शिरू नका. मला हा तिसरा शिक्का लावायला हवा होता. दुरुस्ती एका शब्दाची होती. पण त्या दिवशी माझ्या मनात घर करून राहिला तो दुसराच विचार. आमच्या कुलपांच्या क्रमाची शिडी अगदी नीट लिहिलेली होती आणि माझी ओळ त्या शिडीप्रमाणे शंभर टक्के बरोबर होती. शिडीत मेमरीची मागणी कुठे नव्हतीच, कारण तिला कोणी कुलूप मानलं नव्हतं.

यानंतर साधारण वर्षभराने, सप्टेंबर 2006 मध्ये, लिनक्सची 2.6.18 ही आवृत्ती आली आणि तिच्यात इंगो मोल्नार आणि आर्यान व्हान दे व्हेन यांनी लिहिलेला लॉकडेप नावाचा कुलपांचा तपासनीस होता. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत कर्नेल लिहिणाऱ्यांच्या हाती आलेलं हे सर्वांत मोलाचं साधन आहे. त्याचं काम मी सावकाश सांगतो, कारण सर इथे असते तर त्यांना हा भाग ऐकायला आवडला असता.

लॉकडेप कोंडी व्हायची वाट पाहत नाही. कर्नेल चालत असताना प्रत्येक थ्रेडच्या हातात या घडीला कोणती कुलपं आहेत याची तो नोंद ठेवतो. अ हातात असताना कोणी ब घेतलं की तो अ पासून ब कडे बाण काढतो. बाण एकदा काढला की कायम राहतो. सकाळी कोणी अ नंतर ब घेतलं. संध्याकाळी भलत्याच कोणीतरी ब नंतर अ घेतलं. दोघांची कधी गाठही पडली नाही, काहीही गोठलं नाही. तरी दुसरा बाण काढण्याआधी लॉकडेप पाहतो की याने चक्र पुरं होतंय, आणि ओरडतो. त्या ओरडण्यात दोन्ही बाणांचा पूर्ण इतिहास असतो, कोणत्या ओळीने कोणतं कुलूप घेतलं याचा. जो योग महिन्यातून एकदा ग्राहकाच्या मशीनवर यायचा, त्याची आता गरजच उरली नाही. दोन्ही वाटा आयुष्यात एकेकदा, वेगवेगळ्या चालल्या की पुरे.

दुसरी कल्पना आणखी सुरेख आहे. कर्नेलमध्ये प्रत्येक फाइलीला तिचं कुलूप असतं, म्हणजे लाखो कुलपं. लाखो ठिपक्यांचा ग्राफ कोण सांभाळणार? लॉकडेप सुट्या कुलपाकडे बघतच नाही, त्याच्या जातीकडे बघतो. एका प्रकारच्या फाइल सिस्टिममधल्या सगळ्या फाइलींची कुलपं मिळून ठिपका एक. त्यामुळे एका फाइलीवर शिकलेला धडा सगळ्या फाइलींना लागू होतो. जातींची कमाल संख्या 8192 ठेवली आहे. एका थ्रेडच्या हातात एका वेळी जास्तीत जास्त 48 कुलपांची नोंद होते. आणि कुलपं घेण्याचा तोच क्रम पुन्हा पुन्हा तपासायला लागू नये म्हणून प्रत्येक क्रमाचा 64 बिटांचा एक ठसा काढून ठेवतात. ठसा ओळखीचा निघाला की पुढे जाऊ द्यायचं. हा ठसा नसता तर लॉकडेपने मशीन इतकं मंद केलं असतं की तो कोणी वापरलाच नसता.

आणि एक गोष्ट, जी आजच्या विषयाला थेट भिडते. लॉकडेप स्वतः मेमरी मागत नाही. त्याचे सगळे तक्ते आधीच, ठरलेल्या आकाराचे, बांधून ठेवलेले असतात. तक्ता भरला तर तो ‘माझी जागा संपली’ असं सांगून थांबतो, पण हात पसरत नाही. पसरला असता तर मेमरी वाटणाऱ्याची कुलपं घ्यावी लागली असती, त्यांची नोंद करण्यासाठी पुन्हा मेमरी लागली असती, आणि तपासणाराच कोंडीत सापडला असता. मघाशी विचारलेला प्रश्न, कर्नेल अडला तर कोणाकडे जाणार, त्याचं मला पटलेलं उत्तर हेच आहे. जिथे मागता येत नाही तिथे आधीच बांधून ठेवावं लागतं.

पण 2006 चा लॉकडेपही माझी 64 बाइटची चूक पकडू शकला नसता. तो फक्त कुलपं बघत होता. 2009 मध्ये निक पिगिनने त्यात रिक्लेमची जाणीव घातली. कोणतं कुलूप हातात असताना रिक्लेम होऊ शकतो आणि कोणतं कुलूप रिक्लेमच्या आत घेतलं जातं, ते मांडायला सुरुवात झाली. ती रचना गुंतागुंतीची होती. मग 2017 मध्ये पीटर झाइल्स्ट्राने ती मोडून नव्याने बांधली, आणि ती पाहिली तेव्हा मला सरांच्या फळ्याची आठवण झाली.

त्याने एक खोटं कुलूप तयार केलं. ‘एफएस रिक्लेम’ त्याचं नाव. हे कुलूप कोणालाही अडवत नाही. ते फक्त लॉकडेपच्या ग्राफमधला एक ठिपका आहे. थांबायची आणि फाइल सिस्टिममध्ये शिरायची परवानगी देणारा शिक्का लावून कोणीही मेमरी मागितली, की वाटप करणारा हे कुलूप घेतल्यासारखं करतो आणि लगेच सोडल्यासारखं करतो. मेमरी भरपूर असली तरी करतो. त्याच क्षणी ग्राफमध्ये बाण पडतो, माझ्या हातातलं कुलूप ते एफएस रिक्लेम. आणि खरोखरच रिक्लेम चालू असेल तेव्हा, मग तो कुठेही, कोणासाठीही चालू असो, हे खोटं कुलूप हातात धरलेलं असतं. आत फाइल सिस्टिमचं कुलूप घेतलं गेलं की दुसरा बाण पडतो, एफएस रिक्लेम ते माझं कुलूप. चक्र पुरं.

श्रोतेहो, याचा अर्थ नीट बघा. माझी 2005 ची चूक दिसायला मेमरीची टंचाई नेमक्या माझ्या त्या ओळीवर यावी लागत होती. आता टंचाई दुसऱ्या कोणत्याही कामात एकदा आली आणि माझी ओळ भरपूर मेमरीत एकदा चालली, की झालं. मेमरी मागणं हे मुळात वाट पाहणं आहे, हे आम्हा सगळ्यांना शब्दांनी माहीत होतं. ते ग्राफमधला ठिपका झालं तेव्हा मशीनला माहीत झालं. काही लोक याच्याही पुढे गेले. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरांमध्ये मशीन सुरू होतानाच कोड मुद्दाम कुलपं योग्य क्रमाने घेऊन आणि एफएस रिक्लेमला शिवून दाखवतो, म्हणजे पुढे कोणी उलटं केलं तर पहिल्याच वेळी लॉकडेप बोलेल. पूर्वी कॉमेंटमध्ये लिहायचो ती शिडी आता चालवून दाखवतात.

या साधनाची अडचणही सांगायला हवी, कारण गेली कित्येक वर्षं माझा मोठा वेळ तिच्यातच जातो. लॉकडेप जातीकडे बघतो, त्यामुळे तो कधी कधी नसलेलं चक्र बघतो. एक फोल्डर दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायचा तर वडील फोल्डर आणि हलणारा फोल्डर, दोघांची कुलपं घ्यावी लागतात. दोघांची जात एकच. लॉकडेप म्हणतो, हातात आहे तेच पुन्हा घेतोस? मग आपण त्याला पोटजात सांगायची, हा वडील, हे मूल. पोटजाती आठच ठेवल्या आहेत. एक्सएफएस या जुन्या आणि मोठ्या फाइल सिस्टिमला रिक्लेमच्या बाबतीत अशा खोट्या आरोळ्यांचा फार त्रास झाला, कारण एकच कुलूप जिवंत फाइलीसाठी एका परिस्थितीत आणि टाकून द्यायच्या फाइलीसाठी दुसऱ्याच परिस्थितीत घेतलं जातं, आणि दोन्ही एका वेळी एकाच फाइलीवर होऊ शकत नाहीत. हे माणसाला कळतं, जातीला कळत नाही.

खोटी आरोळी किरकोळ मानू नका. पहिली आरोळी दिल्यावर लॉकडेप स्वतःला बंद करून घेतो, कारण चक्र असलेल्या ग्राफवर पुढचं काहीच विश्वासाने सांगता येत नाही. म्हणजे मशीन सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला एक खोटी आरोळी आली, की उरलेल्या दिवसभरातल्या सगळ्या खऱ्या चुका गुपचूप निघून जातात. शेजारच्या एखाद्या ड्रायव्हरची खोटी आरोळी माझ्या फाइल सिस्टिमची तपासणी बंद पाडते. म्हणून तपासणी दुरुस्त ठेवणं हे कोड दुरुस्त ठेवण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे, असं मी तरुणांना कळकळीने सांगतो. नवीन मुलांना ते काम दुय्यम वाटतं. ते दुय्यम नाही.

खोट्या आरोळ्यांनी त्रासून लोकांनी एक वाईट सवय लावून घेतली होती. शंका आली की नोएफएस शिक्का लावून टाकायचा. शेकडो ठिकाणी तो असाच लागला होता आणि का लावला हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सगळेच म्हणू लागले की आमच्यासाठी फाइल सिस्टिममध्ये शिरू नका, तर जागा करणार कोण? टंचाई आणखी वाढते. मिखाल होत्स्को यांनी 2017 मध्ये, 4.12 या आवृत्तीत, यावर दोन गोष्टी आणल्या. एक, ‘या मागणीपुरतं लॉकडेपने गप्प राहावं’ असा स्वतंत्र शिक्का, म्हणजे खोट्या आरोळीवरचा इलाज वर्तनात बदल न करता झाला. दुसरी जास्त खोल. शिक्का प्रत्येक मागणीवर न लावता प्रदेशाला लावायचा. फाइल सिस्टिमचा एखादा व्यवहार सुरू झाला की थ्रेडवर खूण करायची, ‘इथून फाइल सिस्टिममध्ये शिरणं बंद’, आणि व्यवहार संपला की खूण काढायची. मधे कितीही खोल कोणीही मेमरी मागो, ती आपोआप त्या मर्यादेत येते. धोका मागणीत नसतो, मागताना हातात काय आहे त्यात असतो. नियम आता जिथे धोका सुरू होतो तिथे लिहिला जातो, आणि खुणेजवळ कारणही लिहिता येतं.

कुलूप आणि मेमरी यांची गाठ आणखी एका ठिकाणी बसली होती. 2014 च्या डिसेंबरमध्ये फाइल सिस्टिम लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं की आठ पानांपर्यंतच्या, म्हणजे 32 केबीपर्यंतच्या, थांबायची तयारी असलेल्या मागणीला कर्नेल व्यवहारात ‘नाही’ म्हणतच नाही. मिळेपर्यंत प्रयत्न करत राहतो. म्हणजे मेमरी न मिळाल्यास काय करायचं, ते कोड आम्ही वर्षानुवर्षं लिहीत होतो आणि ते कधी चाललंच नव्हतं. पण खरा धोका वेगळा होता. अगदीच जागा होईना तेव्हा कर्नेल एखाद्या प्रोसेसचा बळी घेतो, तिची मेमरी मोकळी व्हावी म्हणून. बळी ठरलेली प्रोसेस मरण्याआधी एका कुलपाची वाट बघते आहे, आणि ते कुलूप धरून बसलेला थ्रेड मेमरी मिळण्याची, म्हणजे त्या बळीच्या मरणाची, वाट बघतो आहे. 2016 मध्ये 4.6 या आवृत्तीत यावर एक वेगळा कामगार नेमला गेला. बळी मरायची वाट न बघता तो त्याच्या मेमरीतला शक्य तो भाग आधीच काढून घेतो. चक्रातला एक बाण तोडला.

ही कथा अजून चालू आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 6.12 या आवृत्तीत रिअल-टाइम कर्नेल, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर देण्यासाठी बांधलेला कर्नेल, मुख्य प्रवाहात आला. तिथे एरवी प्रोसेसर अडवून ठेवणारी बहुतेक कुलपं झोपून वाट पाहणारी होतात. मेमरी वाटणाऱ्याची कुलपंही त्यात आली. त्यामुळे अ‍ॅटॉमिक शिक्का लावून, अगदी न थांबता मागणारासुद्धा, सर्वांत आतलं कच्चं कुलूप हातात असताना मेमरी मागू शकत नाही. लॉकडेपला कुलपांचे असे थर कळावेत यासाठी 2020 पासून वेगळी तपासणी आहे. आणि 2025 मध्ये कोणत्याही कुलपापाशी न अडता मेमरी देणारी वाट तयार झाली. कुलूप मोकळं मिळालं तर ठीक, नाहीतर सरळ ‘नाही’. कर्नेल कुठेही चालला असताना त्याच्यावर नजर ठेवणारे छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना हीच वाट हवी होती.

माझ्या 2005 च्या ओळीचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. मी आधी शिक्का बदलला आणि ग्राहकाचं मशीन गोठायचं थांबलं. काही वर्षांनी तोच कोड पुन्हा हातात आला, तेव्हा मी शिक्का काढून टाकला आणि मेमरी मागणारी ओळ कुलपाच्या वर सरकवली. आधी पीठ घेऊन यायचं, मग पोळपाटाला हात लावायचा. लागलं नाही तर शेवटी परत करायचं.

सरांच्या वर्गातली मुलं आज इथे आहेत, त्यांच्यापैकी कोणाला हे पाहायचं असेल तर लिनक्सचा कर्नेल घ्या आणि कुलपांची तपासणी व स्वतःची चाचणी हे दोन्ही पर्याय चालू करून तो बांधा. मशीन सुरू होताना पडद्यावर लॉकडेपच्या मर्यादा छापून येतात आणि खाली एक तक्ता सरकू लागतो. कर्नेल मुद्दाम चुकीच्या क्रमाने कुलपं घेतो आणि लॉकडेपने पकडलं का ते पाहतो. पहिल्या ओळीत अ-अ, म्हणजे हातात आहे तेच पुन्हा. दुसऱ्या ओळीत अ-ब, ब-अ. मग अ-ब, ब-क, क-अ. मग चार अक्षरांची चक्रं. प्रत्येकापुढे ‘ओके’ उमटत जातं. सरांनी फळ्यावर काढलेली सगळी चक्रं त्याच क्रमाने.